नवऱ्याची नोकरी गेली, माझीही गेली. तलाकनंतरच्या पोटगीचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं माहेर दापोली तालुक्यात, सासर खेडकडे. नवरा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात ऑपरेटर होता. दीड वर्षापूर्वी कंपनीने खातेचौकशी करून त्याला कामावरून काढलं आणि त्याचा दावा कामगार न्यायालयात चालू आहे. चार महिन्यांपूर्वी त्याने रजिस्टर पोस्टाने तलाकनामा पाठवला. सोबत मेहेरची, म्हणजे निकाहात नवऱ्याने कबूल केलेली, रक्कम आणि इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर स्त्रीने पुनर्विवाहासाठी थांबायच्या, तीन महिन्यांचे पैसे दिले. आता तो म्हणतो की माझं देणं फिटलं, मला नोकरी नाही आणि तू तर शिक्षिका आहेस. त्यातच सहा वर्षं तुम्ही जिथे शिकवत होतात, त्या खासगी उर्दू शाळेने तीन आठवड्यांपूर्वी तोंडी सांगितलं, ‘सोमवारपासून येऊ नका.’ सात वर्षांची मुलगी तुमच्याजवळ आहे. पोटगी मागता येईल का, आणि दोघांच्या नोकरीचे निकाल लागेपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. आणि पोटगीच्याही आधी शाळेचं काम करा, कारण तिथली मुदत संपत आली आहे.

महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. कामावरून काढल्यावर त्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं आणि त्यातच काही महिने जातात. लेखी आदेश दिलाच नाही तर अपील कशावर करायचं, हा विचार करत बसू नका. तोंडी काढणं हेही काढणंच. उद्याच्या उद्या शाळेला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेला मला तोंडी मनाई झाली, मी कामावर यायला तयार आहे, मला हजेरीपटावर सही करू द्या. पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

‘आमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे, आम्हाला हा कायदा लागू नाही’ असं किनारपट्टीवरच्या बऱ्याच संस्था ठामपणे सांगतात, आणि शिक्षिका ते खरं मानून घरी बसतात. ते खरं नाही. अल्पसंख्याक शाळेला सूट आहे ती मुख्याध्यापकाच्या नेमणुकीपुरती आणि व्यवस्थापनाने नावं कळवलेल्या जास्तीत जास्त तीन कर्मचाऱ्यांपुरती. बाकीच्यांना, शाळा मान्यताप्राप्त असेल तर, अनुदान असो वा नसो, कायद्याचं संरक्षण आहे. दुसरी पळवाट म्हणजे ‘शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताच नव्हती’. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आधीच सांगितलंय की नेमणूक वैध ठरण्यासाठी ती मान्यता ही पूर्वअट नाही. तुमची खरी कसोटी नेमणूकपत्रावर लागेल. रिक्त कायम जागेवर परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) घेतलं असेल आणि दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर तुम्ही कायम समजल्या जाता. पण दरवर्षी जून ते एप्रिल अशी नवी तात्पुरती ऑर्डर हातात ठेवली असेल तर लढाई अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते. सहाही वर्षांची पत्रं घेऊन वकिलाकडे जा.

आता पोटगी.

‘इद्दत संपली की देणं संपलं’ हे वाक्य मी खेड, चिपळूण, दापोलीच्या न्यायालयांत इतक्या वेळा ऐकलंय की ते कायद्याच्या पुस्तकात छापलेलं असावं असं वाटावं. वाक्याचा उगम खरा आहे. शाहबानो या तलाकशुदा स्त्रीच्या पोटगीच्या प्रकरणात इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये ठरवले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी ते कायम केले आणि देशभर वादळ उठलं. त्या वादळातून १९८६ चा मुस्लिम महिला कायदा आला. त्यात लिहिलं की पतीने ‘इद्दतच्या काळात’ वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी आणि निर्वाहखर्च द्यावा. लोकांनी त्याचा अर्थ लावला की तीन महिन्यांपुरतंच द्यायचं.

न्यायालयांनी तो अर्थ मानला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० सालीच सांगितलं की पतीची जबाबदारी इद्दतपुरती मर्यादित नाही. पुढच्या वर्षी २८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डॅनियल लतीफी प्रकरणात १९८६ चा कायदा वैध ठरवला आणि त्याचा अर्थ असा लावला: इद्दतचे तीन महिने ही रक्कम देण्याची मुदत आहे, पण ती रक्कम पुढच्या आयुष्याची सोय होईल एवढी असली पाहिजे. घर, अन्न, कपडालत्ता सगळं त्यात आलं. म्हणजे तुमच्या नवऱ्याने तीन महिन्यांचा खर्च दिला म्हणून त्याची सुटका होत नाही. तरतूद त्याने केलेलीच नाही. मेहेर तर तुमचा स्वतंत्र हक्क आहे, तो भागवल्याने तरतूद झाली असं होत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला हा रस्ता खुला आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद घातला गेला. १० जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात तो मिटवला. १९८६ चा कायदा आणि कलम १२५ दोन्ही तुमचेच आहेत. एक घ्या, दुसरा घ्या किंवा दोन्ही घ्या, निवड तुमची. एकाखाली मिळालेली रक्कम दुसऱ्यात हिशेबाला धरली जाईल, एवढंच.

माझा सल्ला असा की आधी कलम १४४ चा अर्ज करा. त्यात ‘पत्नी’ म्हणजे विवाहित पत्नीही आणि पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही, त्यामुळे तलाक वैध की अवैध या वादात न शिरता अर्ज टिकतो. तुमचा तलाकनामा मी पाहिलेला नाही. त्यात एकाच वेळी तीनदा तलाक लिहिला असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तो रद्दबातल आहे आणि असं करणं गुन्हाही आहे. तसं नसेल तरी शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलंय की तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही घरच्यांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानेही त्याच वर्षी हे सगळं सिद्ध करण्याचा भार पतीवर टाकला. हे मुद्दे अर्जात राखून ठेवा. पण फौजदारी तक्रारीची घाई करू नका. मी पाहिलंय की तक्रार झाली की दोन्ही कुटुंबांची सगळी ताकद अटक आणि जामीन यातच जाते, आणि मुलीची फी भरायला लागणारे पैसे मागे पडतात. तक्रारीचा हक्क तुमचाच आहे, तो कधी वापरायचा हे शांतपणे ठरवा.

आता त्याचं दुसरं वाक्य: ‘मला नोकरी नाही.’ तुमच्या प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे.

नोकरी गेल्याने पोटगीची जबाबदारी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे. २०१५ च्या एका निकालात पती सैन्यातून निवृत्त झाला म्हणून निम्मी केलेली पोटगी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पूर्ववत केली. म्हणजे बेरोजगारीने रक्कम थोडी खाली येऊ शकते, पण शून्य होत नाही. काहीच पुरावा नसला तरी निदान किमान वेतनाइतकी कमाई गृहीत धरावी असं तुमच्या वकिलांना मांडता येईल.

पण पुरावा आहे, आणि तो त्यानेच तयार करून ठेवलाय. कामगार न्यायालयातल्या दाव्यात त्याने शेवटचा पगार किती होता, भत्ते काय होते, नोकरी किती वर्षांची होती हे सगळं लिहिलेलं असणार, कारण थकलेला पगार मागायचा तर ते लिहावंच लागतं. त्या दाव्याची आणि त्याच्या शपथेवरच्या जबानीची प्रमाणित नक्कल मिळवा. नकलेच्या अर्जात कारण लिहा: याच व्यक्तीविरुद्ध पोटगीचं प्रकरण आहे. नवऱ्याची पगारपत्रकं बायकोला मिळत नाहीत, तो ती कुठे ठेवतो हेही माहीत नसतं. स्वतःच्या फायद्यासाठी सही करून दिलेला पगाराचा आकडा मात्र त्याला नाकारता येत नाही. पोटगीच्या प्रकरणात त्याने पगार कमी सांगितला तर ही एक नक्कल पुरेशी होते.

तो सध्या काय करतो, याबद्दल तुम्ही लिहिलंय की भावाच्या रिक्षावर असतो आणि आंब्याच्या हंगामात पेट्यांच्या गाडीवर जातो. इथे जरा जपून. कामगार न्यायालयात मागचा पगार मिळण्यासाठी त्याला सांगावं लागतं की मी दुसरीकडे कुठे कमावत नाही. दीपाली सुरवसे प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम घालून दिलाय: बेकायदेशीर काढलं असेल तर मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम, कामगाराने आपण कमावत नव्हतो असं आधी सांगायचं, मग तो कमावत होता हे मालकाने सिद्ध करायचं. तुम्ही रागाच्या भरात त्याच्या कमाईचे फोटो कंपनीच्या माणसांना दिलेत, तर कंपनीला आयता पुरावा मिळेल आणि त्याला मिळणारी रक्कम कमी होईल. त्याच रकमेतून तुमची आणि मुलीची सोय व्हायची आहे. तुमच्या स्वतःच्या प्रकरणात मात्र जे खरं आहे ते सांगाच. न्यायालयापासून काही लपवायचं नाही. फक्त त्याच्या आणि कंपनीच्या भांडणात तुम्ही कुणाच्या बाजूने उतरू नका.

तो दावा जिंकला किंवा कंपनीने एकरकमी तडजोड केली, तर कलम १४६ खाली पोटगी वाढवून मागता येते, कारण परिस्थिती बदललेली असते. तडजोडीची कुणकुण लागली की लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ते लेखी आणा आणि त्याने रकमेची माहिती द्यावी असा आदेश मागा. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांना जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे थेट त्यावरच वसुली करू अशा भरवशावर राहू नका. पण पैसे त्याच्या हातात आल्यावर ते त्याच्या ऐपतीत मोजले जातात.

आणि नेमकी हीच वेळ १९८६ च्या कायद्याखालच्या अर्जाची आहे. त्या कायद्यात एकरकमी तरतूद मिळते. लोट्याहून सुटलेले ऑपरेटर कुवेत, सौदीला जाताना आपण रोज पाहतो. माणूस एकदा विमानात बसला की महिन्याच्या पोटगीचं वॉरंट गावच्या घराच्या दारावरून परत येतं. अशा वेळी एकरकमी आदेश हवा. याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. पती आखातात नोकरीला, तलाक रजिस्टर पोस्टाने. चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी पत्नीला ४ लाख ३२ हजार दिले, खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. पती उच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला की तिने पुनर्विवाह केलाय, आता हक्क संपला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं: १९८६ च्या कायद्यातला हक्क तलाक झाला त्या क्षणी पक्का होतो, पुढच्या लग्नाने तो जात नाही. कलम १४४ ची महिन्याची पोटगी मात्र पुनर्विवाहाने थांबते. तुमचं वय पाहता हा फरक आत्ताच लक्षात घेतलेला बरा. घरच्यांनी उद्या स्थळ आणलं तर ‘पोटगी जाईल’ या भीतीने तुम्ही नाही म्हणू नये, किंवा केवळ त्या भीतीपोटी काही लपवू नये.

तिसरं वाक्य: ‘तू शिक्षिका आहेस.’ आज तुम्हाला पगार नाही, हे साधं उत्तर. पण शाळेने परत घेतलं तरी हक्क आपोआप संपत नाही. स्वतःचं पोट भरता येत नाही याचा अर्थ रस्त्यावर येणं असा न्यायालयं धरत नाहीत. लग्नात ज्या बेताने राहत होता त्या बेताने राहता येतं का, हे पाहिलं जातं. कमावण्याची पात्रता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. १९८६ च्या कायद्यात तर पत्नी स्वतःला पोसू शकत नाही ही अटच नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून सांभाळा. शाळेच्या अपिलात तुम्ही लिहिणार की मी सध्या कुठे कमावत नाही, आणि पोटगीच्या अर्जातही तेच लिहिणार. घरी शिकवण्या घेत असाल, तर त्याचे दोन-तीन हजार दोन्हीकडे सारखेच लिहा. रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२० पासून, दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खातं, विमा, सोनं, मोबाइलचा हप्ता, सगळं. किरकोळ शिकवणीने पोटगी जात नाही, पण लपवलेली शिकवणी उलटतपासणीत निघाली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रातही हेच शोधा: कामगार न्यायालयात एक आणि इथे दुसरं असं कुठे आहे का.

त्याच निकालाचा दुसरा भाग तुमच्या ‘थांबू का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. अर्ज न करता घालवलेला प्रत्येक महिना बुडीत. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदाच सांगतो. व्यवहारात जास्त लागतात, आणि त्याचं मोठं कारण नोटीस न बजावली जाणं हे असतं. म्हणून त्याच्या गावच्या घराचा पत्ता देताना त्याच्या भावाची मुंबईची खोली, मोबाइल नंबर, सगळं द्या. नोटीस मिळूनही तो मुद्दाम येत नसेल तर एकतर्फी आदेश होऊ शकतो.

अर्ज तुम्ही राहता तिथे, म्हणजे दापोलीलाच करता येईल. खेडला खेपा घालायची गरज नाही. मुलीसाठी त्याच अर्जात वेगळी रक्कम मागा. १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी दोनच वर्षांचा उल्लेख आहे म्हणून सात वर्षांच्या मुलीला काही नाही, असं कुणी सांगितलं तर १९९७ चा नूर सबा खातून निकाल दाखवा. मुलांचा हक्क स्वतंत्र आहे आणि त्या कायद्याने तो कमी होत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जमातीच्या, म्हणजे गावातल्या आपल्या समाजाच्या, बैठकीबद्दलही तुम्ही विचारलंय. जरूर जा. आपल्याकडची वडीलधारी माणसं कित्येक संसार सांभाळून घेतात, आणि चांगली तडजोड तिथे झाली तर खटल्याची वर्षं वाचतात. पण ‘यापुढे माझं काही मागणं नाही’ असल्या कागदावर भावाने सांगितलं तरी सही करू नका. पोटगीचा हक्क असा सोडून देणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय, तरी तो कागद रद्द ठरवून घेण्यात वेळ जातो. जे ठरेल ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घ्या, म्हणजे मोडलं तर वसुली करता येईल.

वसुलीचं एकच पण महत्त्वाचं: थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकत बसलात तर जुने महिने हातचे जातात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकत राहा. तो तुरुंगात जाऊन आला तरी ती थकबाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच ते स्पष्ट केलंय.

आदेशाविरुद्ध तो आधी सत्र न्यायालयात जाईल, आणि तिथून उच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईच्या खेपांचा धाक त्याने घातला तर घाबरू नका. तो वर गेला की पहिल्याच तारखेला थकीत रक्कम जमा करण्याची अट मागा, आणि जमा झालेली रक्कम काढून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी तयार ठेवा.